कोपरापर्यंत हात

अंगठा लागला नाही की आमच्या मावश्या यंत्राकडे बघत नाहीत, स्वतःच्या अंगठ्याकडे बघतात. पदराला पुसतात, केसांतल्या तेलाचं बोट लावून बघतात, परत काचेवर ठेवतात. परत तांबडा दिवा. मग हळूच विचारतात, "माझंच काय चुकलं व्हय गं?" या प्रश्नाचं उत्तर मला आता पाठ झालं आहे. तुझं काही चुकलं नाही मावशी. चाळीस वर्षं पानं वळलीस, त्या पानांनी तुझ्या बोटांवरच्या रेषा पुसल्या.

सीमाभागातल्या निपाणीत विडी कामगार बायकांचे पेन्शनचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद लिहून द्यायचं काम मी आठ वर्षं करते आहे. त्याआधी चोवीस वर्षं मी स्वतः विड्या वळल्या आणि त्याच्याही आधी, लग्नापर्यंत, आईबरोबर तंबाखूच्या वखारीत होते. आता वय 52. समोर बसलेल्या बाईच्या कामाच्या कार्डावर नाव एक असतं, आधारवर दुसरं असतं. मराठीत लिहिणाऱ्यानं नावापुढं 'बाई' लावलेलं, कन्नडमध्ये लिहिणाऱ्यानं 'व्वा'. माणूस एकच, पण कागदावर दोन बायका. त्या दोघींची एक करायला कधी कधी वर्ष जातं. मिळणारं पेन्शन फार नसतं. किमान पेन्शन महिन्याला 1000 रुपये, ते 2014च्या सप्टेंबरपासून तेवढंच आहे. तरी त्या हजारासाठी म्हातारी बाई ऊन डोक्यावर घेऊन चालत येते, कारण तिच्या नावानं येणारे हे पहिले पैसे असतात.

दुसऱ्यांचे जुने हिशेब निकाली काढायचं हे काम. माझा स्वतःचा हिशेब मात्र पन्नाशी आली तरी मी मिटवला नव्हता. तो कसा मिटवायला शिकले, ते इथं लिहिते आहे.

माझ्या आईला शेंगांचा, मिरचीचा, कशाचाच वास येत नसे. वखारीत नाक मेलं होतं तिचं. तंबाखू बडवायचा, चाळायचा, पाखडायचा. बारीक धूळ उडून अशी खाट सुटायची की नव्या बाईला पहिले आठ दिवस उलट्या व्हायच्या. चक्कर यायची, भूक मरायची. तोंडाला फडकं बांधून, केस झाकून आई सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. अंगावरचा पातळाचा रंग कोणता होता, ते संध्याकाळी ओळखू यायचं नाही.

पण वखारीतलं एक काम तिच्या मानाचं होतं. शेतातून वाळून आलेला तंबाखू एकावर एक रचून ठेवतात, त्याला चाकी म्हणतात. रचलेल्या चाकीच्या पोटात आपोआप ऊब धरते. ती ऊब हवीच असते. तिच्याशिवाय मालाला रंग येत नाही, वास मुरत नाही, कडकपणा येत नाही. पण हीच ऊब हद्दीबाहेर वाढू दिली तर आतला माल काळा पडतो आणि कुजून जातो. म्हणून वेळेवर चाकी मोडायची असते. आतला तंबाखू बाहेर, बाहेरचा आत, मध्ये वारा लागू द्यायचा आणि परत रचायचं. मोडायची वेळ झाली का, हे ओळखायला आई चाकीत हात घालायची. कोपरापर्यंत. डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि सांगायची, "अजून दोन दिस ऱ्हाऊ दे," नाहीतर "आजच मोडाय पायजे." तिचा अंदाज चुकत नसे. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईच्या हाताला ही विद्या होती.

त्या बायकांच्या रागालाही अशीच ऊब धरली होती. 1980च्या आगेमागे निपाणीतल्या वखारींमधल्या बायका एकत्र आल्या, संघटना झाली, संप झाले. त्यांच्यावर 'युगांतर' या गटानं 1982 साली एक माहितीपट केला. त्याचं नावच 'तंबाखू चाकीला ऊब आली'. वखारीत रोज कानावर पडणारे हे शब्द. त्यांतून काय सांगायचं आहे, हे इथल्या कुठल्याही बाईला समजावून द्यावं लागलं नसतं.

त्याच सुमाराला शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. 1981च्या 14 मार्चला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. रस्त्यावरच वसती केली, तिला आंदोलननगर म्हणायचे. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आमच्या गल्लीतून भाकऱ्यांची चवड बांधून जायची, तिच्यामागं आम्ही पोरं धावायचो. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात 12 शेतकरी गेले. त्या रात्री गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही, एवढं मला आठवतं. शेतात राबणारा आणि वखारीत राबणारी, दोघांच्या घामाचा भाव तिसराच माणूस ठरवतो, हे आम्हाला शाळेच्या पुस्तकाआधी कळलं.

शाळा मात्र माझी सातवीत सुटली. मी वर्गात पहिली दुसरी यायचे. वडील आजारी पडले आणि एका सोमवारी आई मला दप्तराशिवाय घेऊन निघाली. वखारीच्या दारात मुकादमानं माझ्याकडं बघितलं, वय विचारलं नाही. माझं नाव कुठल्या पुस्तकात लिहिलं गेलं नाही. दुपारी शाळेची घंटा वखारीपर्यंत ऐकू यायची. ती वाजली की मी हातातलं सूप जोरात पाखडायचे.

शाळेच्या वहीतली उरलेली पानं तेवढी माझ्याजवळ राहिली. आईला अक्षर येत नव्हतं आणि आठवड्याच्या पगाराला तिची हजेरी नेहमी कमी भरायची. म्हणून रोज रात्री चिमणीच्या उजेडात मी तिच्यासाठी लिहायचे. हजेरी, खाडा, अर्धा दिवस. लग्न होऊन मी विड्या वळायला लागले, तेव्हा वही बदलली आणि रकाने बदलले. दिल्या, छाट, जमा.

छाट म्हणजे काय, हे पुढं येईल. आधी विडी सांगते. पानं आदल्या रात्री भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं एका मापात कापायची, जाड शिरा काढायच्या. मांडीवर सूप घ्यायचं, त्यात जर्दा. पानावर चिमूटभर जर्दा पसरून अंगठा आणि दोन बोटांत वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड मुडपून बंद करायचं. 25 विड्यांचा एक कट्टा. हजार विड्या म्हणजे 40 कट्टे, आणि मजुरी हजारावर. स्वयंपाक, पाणी, पोरांची आंघोळ, सासूचं औषध हे सगळं त्या चाळीस कट्ट्यांच्या फटीत बसवायचं.

संध्याकाळी माल द्यायला रांग लावायची. तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलून बघायचा. ही ढिली, हिचं पान फाटकं, हिचं तोंड उघडं, असं म्हणत बाजूला टाकायचा. ती छाट. त्या विड्यांची मजुरी मिळायची नाही आणि विड्या परतही मिळायच्या नाहीत. छाट न्यायानं निघाली असती तर काही बोलायचं नव्हतं. पण ज्या दिवशी मी उलट बोलले, त्या दिवशी छाट जास्त निघाली, हे माझ्या वहीत तारखेनं लिहिलेलं आहे. कार्डावरही माझी पहिली सहा वर्षं चढली नाहीत. 1966चा विडी कामगारांचा कायदा होता, 1976चा कल्याण निधीचा कायदा होता. कायद्याचं नाव मला पाठ होतं, पण माझं नाव त्या रजिस्टरात नव्हतं.

आईचं आयुष्य खोकल्यानं संपलं. शेवटची दोन वर्षं ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची, आडवं झालं की दम लागायचा. गेली तेव्हा साठीचीही नव्हती.

2017पर्यंत मी वळत राहिले. नंतर कामच कमी झालं. पूर्वी आठवडाभर पान-जर्दा मिळायचा, तो तीन दिवसांवर आला. माझी नजर आणि कंबर दोन्ही थकल्या होत्या. माझं अक्षर चांगलं आणि हिशेब पक्का, म्हणून युनियनमधल्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी मला एका खोलीत कागद लिहायला बसवलं. तेव्हापासून मी खुर्चीवर बसते, डोक्यावर पंखा असतो. एक कष्टाचं आयुष्य संपलं होतं.

संपलं होतं, पण मी ते संपू देत नव्हते.

खोलीत कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी पाठ दुखते म्हणाली, की मी म्हणायचे, "आम्ही मांडीवर सूप घेऊन बारा बारा तास बसायचो." शेजारची सून नळाला पाणी नाही म्हणाली, की मी विहिरीच्या खेपा सांगायचे. कुणी काही दुखणं घेऊन आलं, की मी माझं त्याहून मोठं दुखणं काढून त्याच्या शेजारी ठेवायचे आणि मग समोरचं माणूस गप्प व्हायचं. ते गप्प झालं, म्हणजे त्याला पटलं, असं मला वाटायचं.

सगळ्यात जास्त ऐकलं ते माझ्या लेकीनं. ती नर्सिंग शिकली, बेळगावात एका दवाखान्यात लागली. तिला वखारीची पायरी चढावी लागली नाही, याचा मला अभिमान होता. आणि त्याच गोष्टीची कुठंतरी आतून बोचणीही होती. हे लिहायला जड जातं आहे, पण खरं आहे. तिची रात्रपाळी असायची. सकाळी फोन करून म्हणायची, "आई, रात्रभर पाय टेकले नाहीत गं." मी म्हणायचे, "तुझी आज्जी उभ्यानं दिवस काढायची, ते पण धुळीत." ती म्हणायची, "हो." हळूहळू तिचे फोन लहान झाले. जेवलीस का, जेवले, बरं आहे, बरं.

तीन वर्षांपूर्वी, गणपती उठल्यावर, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा मला फोन आला. काहीतरी कागद कुठं ठेवलाय ते विचारायला. बोलता बोलता ती म्हणाली, "आता ताप उतरलाय काकू, काळजी करू नका." लेकीला ताप होता हेच मला माहीत नव्हतं. डेंग्यू झाला होता. चार दिवस ती जिथं काम करते त्याच दवाखान्यात खाटेवर होती.

मी पुढची बस धरली. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती, सगळं खिडकीतून गेलं, मला काही दिसलं नाही. खोलीवर पोचले तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. उठल्यावर मी विचारलं, "मला का कळवलं नाहीस?" ती बराच वेळ चादरीची दशी ओढत राहिली. मग म्हणाली, "कळवलं असतं तर तू आली असतीस गं आई. पण उशाशी बसून तू परत आज्जीचं सांगितलं असतंस. अंगात ताप असताना मला ते ऐकायची ताकद नव्हती."

ती रागानं बोलली नाही. म्हणून ते जास्त लागलं. चोवीस वर्षं रोज माझा माल कुणीतरी बाजूला काढून टाकत होतं, आणि इथं मी माझ्या लेकीची दुखणी एकेक उचलून, ही किरकोळ, ही ढिली, म्हणत बाजूला टाकत आले होते. तिच्या कष्टांची मी छाट काढत होते.

आठ दिवस तिच्याजवळ राहिले. तिला मऊ भात करून घातला, तिचं डोकं दाबलं आणि कमी बोलले. ती झोपली की मी खिडकीत बसायचे. पहिले काही दिवस मला लाजच वाटत होती, त्यातून काही सुचत नव्हतं.

परत येताना बसमधून बाहेर बघितलं. आमच्या भागात आता जिकडं तिकडं ऊस आहे, सोयाबीन आहे. लहानपणी दिसायचा तेवढा तंबाखू आता दिसत नाही. पण घाट उतरल्यावर एक फड दिसला. बायका वाकून शेंडे खुडत होत्या. शेंडा खुडला की झाडाचा जोर फुलात जात नाही, पानात उतरतो. हात चिकानं काळे होतात, ते दोन दोन दिवस निघत नाहीत. त्या काळ्या हातांकडं बघताना मला आईचा हात आठवला. चाकीत कोपरापर्यंत गेलेला, आणि तिचे मिटलेले डोळे.

मला तेव्हा कळलं की माझी चाकी मी कधी मोडलीच नव्हती. आईनं आणि तिच्या जोडीच्या बायकांनी त्यांची मोडली होती. त्यांच्या रागाची ऊब त्यांनी वेळेवर बाहेर काढली, तिच्यातून संघटना केली, संप केले, ओळखपत्रं मागितली, हजेरीचं पुस्तक मागितलं. तो राग कामी आला. रागाला नावं ठेवणारी मी नाही. ऊब धरली नसती तर निपाणीच्या बायका उठल्या नसत्या. पण माझा राग घरातच रचलेला राहिला. त्याला वारा लागला नाही. वरून सगळं कोरडं, नीटनेटकं दिसत होतं आणि आतून माल काळा पडत होता.

सोडून दे, विसरून जा, असं मला आधीही अनेकांनी सांगितलं होतं. त्याचा मला संताप यायचा. कारण माझ्या मनात एक भीती होती. आईचे हाल मी विसरले तर ते कुणाच्या लक्षात राहतील? तिचं नाव कुठल्या दगडावर नाही. तिची साक्ष म्हणजे मी. मी दुःख खाली ठेवलं, तर तिलाच खाली ठेवल्यासारखं होईल, असं वाटायचं. या भीतीपोटी माझ्या वयाच्या कितीतरी बायका जुनं ओझं उतरवत नाहीत, हे मी रोज कामाच्या खोलीत बघते. वाईट वागलेल्या माणसाचा राग त्यांनी कधीच सोडलेला असतो. अडकलेल्या असतात त्या गेलेल्या माणसाच्या मायेपायी.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडली. अकरा वह्या निघाल्या. बसले आणि छाटची बेरीज करायला घेतली. एकदाचा आकडा काढावा, म्हणजे कुणाला तरी दाखवता येईल, असा विचार होता. पहिली वही झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वहीत हात थांबला. आकड्यांवरून माझी नजर अक्षरावर गेली. पहिल्या वहीतलं अक्षर शाळेतलं, गोल, मोठं. दुसरीत घाईचं. तिसरीत ते बसलं होतं. बारीक, सरळ, एका रेघेत. आज ज्या अक्षराच्या जोरावर मी मावश्यांचे अर्ज लिहिते, ते अक्षर या छाटच्या रकान्यात घडलं होतं. बेरीज मी तिथंच सोडली.

मग हिशेबाचे दोन भाग केले. मिळू शकेल ते एका बाजूला, मिळणार नाही ते दुसऱ्या बाजूला. माझ्या सहा वर्षांसाठी रीतसर अर्ज केला. इतरांसाठी शंभर अर्ज लिहिणाऱ्या मी स्वतःसाठी एकही लिहिला नव्हता. राग जपला होता, हक्क मागितला नव्हता. वर्षभरानं उत्तर आलं की त्या काळाची नोंद उपलब्ध नाही. माझ्या वह्या कायद्यात पुरावा धरत नाहीत. उत्तर वाचलं, घडी घालून ठेवलं. वाईट वाटलं, पण एक गोष्ट स्वच्छ झाली. जे पैसे कुणी देणार नव्हतं, त्याचं व्याज मी इतकी वर्षं माझ्या लेकीकडून वसूल करत होते.

आमच्या सीमाभागात जुन्या गोष्टी जपायची सवय फार खोल आहे. 1956 साली आमची गावं म्हैसूर राज्यात गेली, 1 नोव्हेंबरचा काळा दिवस इथल्या घराघरात माहीत आहे, महाराष्ट्राचा सीमेचा दावा 2004पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मीही त्याच मराठी घरातली. न्याय मागायचा तो मागावाच, त्यात माघार नाही. पण माझ्या बाकावर 'बाई' आणि 'व्वा' शेजारी शेजारी बसतात. एकमेकींच्या पिशव्या सांभाळतात, तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं एकमेकींना दाखवतात. मागणी कागदावर ठेवावी आणि माणसांकडं मोकळ्या मनानं बघावं, हे मी त्या बाकावर शिकले. घरच्या हिशेबालाही तेच लागू पडलं.

सवय एका दिवसात गेली नाही. 'आमच्या वेळेला' हे शब्द जिभेवर येतातच. आले की मी ते गिळते आणि त्यांच्या जागी एक प्रश्न विचारते. कॉम्प्युटरवरची मुलगी पाठ दुखते म्हणाली, तर विचारते, "कुठं दुखते? खुर्ची बदलूया का?" खुर्ची खरोखरच मोडकी होती. दोन वर्षं ती सांगत होती.

गोष्ट सांगायची मी बंद केली नाही. ती विचारल्यावर सांगायची, एवढं ठरवलं. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला अगदी लागून, पण सीमेच्या पलीकडं महाराष्ट्रात. तिथली एक विद्यार्थिनी विडी कामगारांवर लिहायचं म्हणून आली. तिनं मनापासून विचारलं, मी दोन दुपारी सांगितलं. तिनंच मला तिच्या फोनवर 'युगांतर'चा तो माहितीपट दाखवला. आई दिसते का, हे शोधत मी तो दोनदा बघितला. आई दिसली नाही. पण त्या बायका, तो आवेश, ती भाषा आमचीच होती. माझ्या आईच्या पिढीची साक्ष जगात माझ्याशिवायही कुठंतरी आहे, हे त्या दिवशी कळलं आणि खांद्यावरून काहीतरी उतरलं. सगळं एकटीनं लक्षात ठेवायची गरज नव्हती.

गेल्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. बँकेत माझा अंगठा कधी लागत नसे. मावश्यांसारखाच. मी दर वेळी ओटीपीवर किंवा सहीवर काम भागवायचे. त्या दिवशी सवयीनं ठेवला आणि हिरवा दिवा लागला. मी परत ठेवला, परत हिरवा. पान आणि जर्दा सुटून सात वर्षं झाली होती. कातडी घासायची थांबली की रेषा हळूहळू परत उमटतात, असं लेकीनं नंतर सांगितलं. उजेडात धरून मी माझा अंगठा बघत राहिले. पन्नाशी उलटल्यावर माझ्याच बोटाची ओळख मला परत मिळाली होती, आणि ती परत यावी म्हणून मी काहीही केलं नव्हतं. फक्त घासायचं थांबवलं होतं.

अकरावी वही अर्धी कोरी होती. तिच्यात मी आता मावश्यांच्या हयातीच्या दाखल्यांच्या तारखा लिहिते. हा दाखला आता वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, त्यामुळं प्रत्येकीची तारीख वेगळी. अंगठा लागत नसेल तर फोनसमोर चेहरा दाखवूनही चालतं. मावश्या डोक्यावरचा पदर सारखा करून फोनकडं असं बघतात, जणू फोटो काढायला बसल्यात. वहीतले रकाने पुन्हा तीनच आहेत. नाव, गाव, तारीख.

यंदाच्या दिवाळीत लेक आली होती. मी चकल्या तळत होते, ती खाली बसून ती वही चाळत होती. मागच्या कोऱ्या पानांवरून ती पुढच्या लिहिलेल्या पानांवर गेली. मला दिसत होतं, मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आई, छाट म्हणजे काय गं?"

मी झारा हातात तसाच धरून तिच्याकडं बघितलं. लहानपणापासून तिनं माझं दुःख हजार वेळा ऐकलं होतं. पण छाट म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं. मी तिला माझा राग सांगत आले होते, माझं काम कधी सांगितलंच नव्हतं.

गॅस बंद केला. जुन्या कॅलेंडरचं पान फाडून साच्याएवढा तुकडा कापला. जर्द्याऐवजी चिमूटभर रवा घेतला. तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि बोटांनी आपोआप काम सुरू केलं. आठ वर्षांत ती काही विसरली नव्हती. पसर, दुमड, वळ, बांध, तोंड मुडप. तिनं करून बघितलं. रवा सांडला, कागद उलगडला. परत केलं. इंजेक्शनसाठी बारीक शीर एका झटक्यात शोधणारी माझी लेक जीभ दाताखाली धरून विडीचं तोंड बंद करत होती, ते बंद होत नव्हतं. शेवटी एक वाकडीतिकडी विडी तिनं माझ्या तळहातावर ठेवली.

मी ती उचलून उजेडात धरली आणि बाजूला ठेवली. "ही छाट," म्हणाले.

ती हसायला लागली. मग मीही हसले. त्या शब्दावर मी आयुष्यात पहिल्यांदा हसत होते. हसू ओसरल्यावर ती माझा हात हातात घेऊन एकेक बोट बघत म्हणाली, "आता आज्जी चाकीत हात घालायची ते सांग. नीट, पहिल्यापासून."

मी तिला सांगितलं.